सायकलस्वाराचं बाशिंग

नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग आणि आल्प्सच्या उतारावरून सुसाट सुटलेल्या शर्यतपटूचं हेल्मेट एकाच गोत्रातलं आहे, असं म्हटलं तर थट्टा वाटेल. पण बाशिंग परंपरेनं भेंडाचं करत. भेंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झुडपाचा पांढराशुभ्र, हातात वजन लागू न देणारा गाभा. बंगालीत त्याला शोला म्हणतात आणि तिथल्या नवरदेवाचा टोपोरही त्याचाच. याच गाभ्याचे पातळ पापुद्रे साच्यावर एकावर एक चिकटवून, वर कापड ताणून साहेबाची सोला हॅट तयार होई. आणि १८८०च्या दशकात उंच चाकाच्या सायकलवरून डोक्यावर आपटणाऱ्या स्वारांनी जी पहिली संरक्षक वस्तू डोक्याला चढवली, ती हीच सोला हॅट. पुढे दोन्ही घराण्यांत एकच घटना घडली : भेंड गेलं, थर्माकोल आला. बाशिंगं आणि मखरं थर्माकोलची झाली, आणि आज सायकलच्या हेल्मेटात वरच्या पातळ कवचाखाली जो पांढरा किंवा काळा थर असतो तोही थर्माकोलच. बाशिंगाला हलकेपणा हवा होता आणि हेल्मेटाला चिरडलं जाण्याची तयारी. दोन्ही गुण हवेनं भरलेल्या बारीक कोशांतून येतात, म्हणून दोघांनी एकामागून एक तेच दोन पदार्थ निवडले. शर्यतीत हेल्मेट डोकं वाचवतं की नाही, या जुन्या वादाची किल्लीही माझ्या मते या कोशांतच आहे.

उंच चाकाच्या सायकलची ओळख एका ओळीत पुरे : पुढचं चाक छातीएवढं, मागचं थाळीएवढं, आणि स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या वर बसलेला. चाक खड्ड्यात किंवा दगडाला अडकलं की अख्खं यंत्र आसाभोवती फिरे आणि स्वार डोक्यावर येई. हा प्रकार इतका नित्याचा होता की त्याला ‘हेडर घेणं’ असा शब्दच पडला. डोकं जमिनीपासून दोन मीटरांच्या वर असे. मग स्वारांनी सोला हॅट घातली, ती आपटलं की चुरडते आणि डोक्याचा मार कमी होतो म्हणून, अशी हेल्मेटाच्या इतिहासकारांची कथा आहे.

या कथेला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणतो, सोला हॅट उन्हासाठी होती आणि सायकलवरही उन्हासाठीच गेली. हा दावा इंग्लंडच्या हवेपुढे टिकत नाही. लंकाशरच्या ढगाखाली कलकत्त्याच्या उन्हाची टोपी कशाला हवी? दुसरा प्रतिस्पर्धी दमदार आहे. तो म्हणतो, हा सगळा गणवेशाचा थाट. त्या काळचे सायकल क्लब म्हणजे लहानशा पलटणीच : त्यांना कप्तान असे, बिगुलवाला असे. १८७८ साली स्थापन झालेल्या बायसिकल टूरिंग क्लबाच्या पहिल्या गणवेशात हिरव्या सर्जच्या कोटाबरोबर बारीक झाप असलेलं ‘स्टॅन्ली हेल्मेट’ होतं. रस्त्याची धूळ हिरव्यावर फार दिसते म्हणून पुढे कोट करडा झाला. डोक्याच्या दुखापतीचा हिशोब करून निवडलेला हा पोशाख नव्हे, हे मान्यच करायला हवं. मात्र वस्तू कशासाठी आली आणि कशासाठी टिकली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. थाटासाठी फेल्टची टोपी चालली असती, कापडी चालली असती. क्लबाच्या एखाद्या सहलीत चार जण आपटले, तर कोणाची टोपी चुरडली आणि कोण उठून बसला, हे बाकीच्यांना दिसणारच. माझा तर्क असा की सोला हॅट उन्हासाठी जन्मली, थाटासाठी सायकलवर चढली आणि तिथे आपल्या तिसऱ्या धंद्याला लागली. आणखी एक आक्षेप असा की युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा टोप्यांत भेंडाऐवजी बूचही वापरलं जाई. असेना! रॉबर्ट हूकनं १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली कोश पाहिले आणि त्यांना ते नाव दिलं, ते बुचातच. झाड बदललं, युक्ती तीच राहिली.

ही युक्ती साध्या भागाकारात मांडता येते. दीड मीटरवरून पडलेलं डोकं पाच मिलिमीटरांत थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी तीनशेपट मंदनाचा धक्का बसतो : पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. तेच डोकं वीस मिलिमीटरांत थांबलं तर पंचाहत्तरपट. हेल्मेटाचं सगळं काम हे अंतर वाढवण्याचं. पदार्थ नुसता मऊ असून भागत नाही, कारण मऊ गादी क्षणात दबून तळाला जाते आणि पुढचा धक्का डोकंच खातं. नुसता टणक असूनही भागत नाही. त्यानं ठरावीक दाबाला हळूहळू, कोशामागून कोश फोडत, परत न उसळता मोडायला हवं. भेंड हे करतं, मात्र एकदाच, आणि तेही कमकुवतपणे. सोला हॅट एका आपटीत संपत असे.

१८८५ची रोव्हर सायकल आणि १८८८ची डनलपची हवेची धाव यांनी सायकल खाली आणली, हेडर इतिहासजमा झाला आणि त्याबरोबर भेंडाचं शहाणपणही विसरलं गेलं. शर्यतपटूंच्या डोक्यावर आलं ते चामडं : लोकर किंवा तत्सम काही भरलेल्या पट्ट्यांचा पिंजरा, ज्याला इंग्रजीत केसांची जाळी म्हणून हिणवलं गेलं. विसाव्या शतकाची जवळजवळ पंच्याहत्तर वर्षं ही जाळी शर्यतीचं ‘हेल्मेट’ म्हणून मिरवली. तिच्या जाडीला वरचा भागाकार लावून पाहा. पट्टी पूर्ण चेपली तरी मिळणार चार-पाच मिलिमीटर, आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत तर तेही नाही. कान सोलवटण्यापासून ती वाचवत असेल. कवटीच्या आतल्या मेंदूसाठी मात्र ती जवळपास निरुपयोगी होती. ‘हेल्मेट घातलं तरी उपयोग नाही’ हे शर्यतपटूंचं जुनं मत हट्टातून आलेलं नव्हतं. त्यांना मिळालेल्या वस्तूपुरतं ते बरोबर होतं. घोटाळा असा झाला की नाव तेच राहिलं, आतला पदार्थ बदलला, आणि मत मात्र जुनंच चालू राहिलं.

पदार्थ बदलण्याची कथा मोटारींच्या आणि विमानांच्या दुनियेतून आली, ती सर्वश्रुत आहे. ऑक्सफर्डचे मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी टी. ई. लॉरेन्सच्या मोटारसायकल अपघातानंतर हेल्मेटाचा विषय धसास लावला. अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड यांना चिरडणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटाचं पेटंट १९५३ साली मिळालं. सायकलसाठी थर्माकोलचं अस्तर आणि टणक कवच असलेलं ‘बेल बायकर’ १९७५ साली बाजारात आलं. शर्यतपटूंनी नाकं मुरडली : जड, गरम, बेढब. १९८६मध्ये अमेरिकेच्या सायकल महासंघानं आपल्या शर्यतींत चामड्याची जाळी मोडीत काढून मानकात बसणारं हेल्मेट सक्तीचं केलं. युरोपात १९९१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, तेच करू पाहिलं तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी निदर्शनं केली आणि संघटनेनं माघार घेतली. गंमत म्हणजे त्याआधीच, १९८९च्या तूर द फ्रान्सच्या शेवटच्या टप्प्यात, ग्रेग लेमाँडनं वारा कापणारं लांबट शिरस्त्राण घालून बोडक्या फिन्योंला एकूण वेळेत आठ सेकंदांनी हरवलं होतं. वेगासाठी डोकं झाकायला हरकत नव्हती!

आता पुरावा. ऑलिव्हिए आणि क्रेटन या संशोधकांनी ४० अभ्यासांतल्या ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी दिसली. २०१८च्या दुसऱ्या अशाच संकलनात हा आकडा ६० टक्के आला. १९८९च्या सिॲटलच्या अभ्यासातला ८५ टक्क्यांचा गाजलेला आकडा यापुढे फुगलेला वाटतो, आणि हेल्मेटविरोधकांनी त्यावर धरलेली शंका रास्त होती. पण फुगा फुटला तरी शिल्लक भरपूर उरते. खरा आक्षेप वेगळा आहे : ही माणसं रुग्णालयात आलेले सामान्य सायकलस्वार. शर्यतपटू पन्नासच्या वेगानं घोळक्यात जातो, उतारावर ऐंशी गाठतो. आणि युरोपीय मानकातली चाचणी होते ती सेकंदाला ५.४२ मीटरनं, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्याही आत. मग ते हेल्मेट त्याच्या काय कामाचं?

हे ५.४२ म्हणजे नेमकी दीड मीटर उंचीवरून पडण्याची गती. रस्ता आडवा असतो आणि स्वाराचा वेगही आडवा असतो. जमिनीकडे जाण्याची गती ठरते ती मुख्यतः डोकं किती उंचीवरून खाली आलं यावर. ताशी साठनं घसरणाऱ्या स्वाराचं डोकं डांबरावर लंब दिशेनं आपटतं ते साधारण त्याच वेगानं, ज्या वेगानं सिग्नलला थांबलेल्या स्वाराचं आपटेल. उरलेला वेग घसरण्यात, कातडं सोलण्यात आणि डोकं फिरवण्यात खर्च होतो. मात्र समोर भिंत, खांब किंवा कठड्याचा दगड आला की हिशोब उलटतो. ताशी ७२ किलोमीटरनं भिंतीवर आदळणं म्हणजे वीस मीटरवरून पडणं. वीस मिलिमीटर थर्माकोलनं त्याला भागा : हजारपट. तिथे कुठलंही हेल्मेट हात टेकतं. १९९५ साली पोर्ते दास्पेच्या उतारावर बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता फाबिओ कासार्तेल्ली रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि असतं तर वाचला असता का यावर झालेला वाद मला निष्फळ वाटतो, कारण तो अपघात या वस्तूच्या हद्दीबाहेरचा असू शकतो. २०११च्या जिरो द’इटालिया शर्यतीत वाउटर वेलांट हेल्मेट घालूनच मरण पावला. अशा मृत्यूंकडे बोट दाखवून ‘२००३ साली सक्ती करून काय मिळालं’ असं विचारणं सोपं आहे. पण शर्यतीतले मृत्यू मुळात इतके थोडे आणि त्यांची कारणं इतकी निरनिराळी की त्यांच्या बेरजेतून काहीच सिद्ध होत नाही. जो पडला आणि उठून पुन्हा सायकलवर बसला, तो कुठल्याच यादीत येत नाही.

फिरण्याचा मुद्दा मात्र विरोधकांना द्यावा लागतो. केर्न्स यांच्याबरोबर काम करणाऱ्या होलबर्न यांनी १९४३ सालीच मांडलं होतं की मेंदू सरळ धक्क्यापेक्षा पिळवटण्यानं अधिक दुखावतो. शर्यतीत आडवा वेग जास्त, म्हणून पिळवटणंही जास्त. चिरडणारा थर इथे थोडीच मदत करतो. डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये किंचित सरकणारा पापुद्रा घालण्याची स्वीडिश कल्पना, ‘मिप्स’, याच दुखण्यावर काढलेली आहे. मेंदूला बसणारा हिसडा ती किती वाचवते यावर अजून भांडण आहे, आणि शर्यतपटूंना हेल्मेट असूनही मेंदूचा हादरा बसतोच.

१२ मार्च २००३ रोजी कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह पॅरिस–नीसमधल्या अपघातानं गेला. स्वार एकमेकांत अडकले आणि तो उघड्या डोक्यानं रस्त्यावर पडला. ना भिंत होती, ना दगडाचा ठोकळा. मानकातली दीड मीटरची चाचणी ज्या प्रकारासाठी आहे, जवळपास तोच हा प्रकार. मे महिन्यात यूसीआयनं सक्ती आणली आणि या वेळी ती टिकली. पण स्वारांची समजूत काढायला तिच्यात एक फट ठेवली गेली : शेवटची चढण किमान पाच किलोमीटरची असेल तर तिच्या पायथ्याशी हेल्मेट काढून टाकता येई. चढावर वेग कमी, मग धोकाही कमी, असा तो विचार. वरचा भागाकार याच्या नेमकं उलट सांगतो. चढावर ताशी पंधरानं जाणाऱ्याचं डोकंही दीड मीटरवरूनच खाली येतं, समोरच्या कठड्यावर आपटण्याचा संभव तिथे सर्वांत कमी असतो, आणि हेल्मेट आपलं काम सर्वांत चोख करतं ते अशाच पडण्यात. जिथे ते हमखास उपयोगी, तिथेच ते काढायची मुभा दिली गेली होती. पुढे ती मुभाही गेली.