चौथ्या गटातल्या बायका

गेल्या महिन्यात वीकएन्डला वेरूळला जाऊन आलो. नाही, लेणी बघायला नाही. कैलास लेणं लहानपणी इतक्यांदा बघून झालंय की त्यातले हत्ती आता नातेवाईक वाटतात. आमच्या मामांचं घर तिथलंच. घृष्णेश्वराच्या रस्त्यावर त्यांचं पूजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे. या वेळी जाण्याचं कारण वेगळं होतं. मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता.

घरात एक इंजिनिअर असला की त्याला सगळंच येतं असा आपल्याकडे समज असतो. मग काय, "तू जरा नेटवर बघ रे" अशी ऑर्डर आली आणि मी दोन रात्री जागून एक गोष्ट शोधून काढली. इलेक्ट्रोकेमोथेरपी. कल्पना भलतीच आवडली मला, कारण ती चक्क आमच्या इलेक्ट्रिकलच्या लॅबमधली वाटते. गाठीत इलेक्ट्रोड घालायचे आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतके छोटे विजेचे झटके द्यायचे. त्यामुळे पेशीच्या आवरणाला थोडा वेळ भोकं पडतात. एरवी आत शिरायला धडपडणारं ब्लिओमायसिनसारखं औषध त्या भोकांतून आत घुसतं. फ्रान्समध्ये लुई मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची माणसांवरची पहिली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. कातडीवरच्या गाठींसाठी युरोपात ही पद्धत आज वापरात आहे. स्वादुपिंड मात्र पोटात खोलवर, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून. तिथे मोठं ऑपरेशन न करता हे जमतं का, याच्या छोट्या चाचण्या परदेशात झाल्यात. त्यांचा पहिला प्रश्न 'किती वाढीव आयुष्य मिळतं' हा नसतोच. 'हे करून पेशंटला धोका तर होत नाही ना' हा असतो.

मी हे सगळं मामांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे अजून ठरलेलं नाही ना? माझ्यावर बघणार, लागू पडतंय का ते?"

"हो मामा, तसंच."

"आणि ज्यांना ते देत नाहीत, त्यांचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्याला परत येताना बसमध्ये झोप लागली नाही. मग वाचत बसलो, आणि वाचता वाचता पोचलो ते थेट आपल्या मराठवाड्यातच! आजचा लेख त्यावर आहे.

माणसांवर चाचणी ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली. टोचून घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी झाला. पण यात एक ग्यानबाची मेख आहे. जे स्वतःहून पुढे आले ते कदाचित मुळातच धडधाकट असतील, तर? म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी ठरवलं की कोण कुठल्या गटात जाणार हे ना पेशंटने ठरवायचं, ना डॉक्टरने. चिठ्ठी टाकायची. (आपण वेबसाइटची दोन रूपं वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठलं जास्त चालतं ते बघतो ना, तेच हे. फक्त इथे बटणाचा रंग पणाला लागलेला नसतो.)

आता वळू या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याकडे. शेजारी सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली होती. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावी फिरून कोणाला कुठला कॅन्सर झाला हे लिहून ठेवायचं काम. त्यातून दिसलं की इकडच्या बायकांना सगळ्यात जास्त गाठतो तो गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. आणि बाई दवाखान्यात येते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

खरं तर हा कॅन्सर होण्याआधी कित्येक वर्षं पकडता येतो. श्रीमंत देशांत पॅप तपासणीने तो खूप कमी झाला होता. पण त्यासाठी काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो, प्रयोगशाळा लागते, बाईला पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. परंड्याच्या एखाद्या वाडीवर हे कसं जमणार? मग बार्शीचे डॉ. बी. एम. नेने आणि सहकारी, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियॉनच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांनी मिळून ऑक्टोबर १९९९ मध्ये एक प्रचंड चाचणी सुरू केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा.

गावांचे ५२ समूह. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. समूहांचे चिठ्ठीने चार गट केले. पहिल्या गटात ३४,१२६ बायकांसाठी एचपीव्ही विषाणूची तपासणी. दुसऱ्यात ३२,०५८ जणींसाठी पॅप. तिसऱ्यात ३४,०७४ जणींसाठी व्हिनेगरची साधी तपासणी, म्हणजे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं आणि पांढरा डाग दिसतो का ते बघायचं. आणि चौथ्या गटात ३१,४८८ बायका. त्यांची तपासणी नाही. एरवी गावात जे उपचार मिळतात तेच.

निकाल २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. आठ वर्षांत चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. तीही तपासणी आयुष्यात फक्त एकदाच केलेली! पुढच्या टप्प्यावर गेलेले कॅन्सर ८२ च्या जागी ३९. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू कमी होतात हे जगाला मराठवाड्यातल्या या बायकांनी दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते, त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांपैकी हा एक.

इथे थांबलो असतो तर हा छान अभिमानाचा लेख झाला असता. पण मामांचा प्रश्न डोक्यातून जाईना. चौथ्या गटाचं काय?

हाच प्रश्न एरिक सुबा नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने जाहीरपणे विचारला. उस्मानाबादसारख्याच चाचण्या मुंबईच्या वस्त्यांमध्ये आणि तमिळनाडूत दिंडिगलला झाल्या होत्या. तिन्हींत मिळून १,३८,६२४ बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या २५४ या कॅन्सरने दगावल्या. पॅपचा उपयोग आधीच माहीत असताना 'काहीच नाही' असा गट ठेवायचाच कशाला, आणि त्या बायकांना याची पूर्ण कल्पना होती का, असा त्यांचा आक्षेप. संशोधकांचं म्हणणं असं, की देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे आम्ही कोणाचं काही काढून घेतलं नाही.

मी दोन्ही बाजू वाचल्या. प्रामाणिकपणे सांगतो, मला दोन्हीकडे तथ्य वाटतं. चौथा गट नसता तर पॅप इथल्या परिस्थितीत तितकी चालली नाही हे कळलंच नसतं. सरकारने कदाचित तिच्यावरच पैसा ओतला असता. पण हा युक्तिवाद मी त्या ६४ घरांपैकी एकाच्या ओसरीवर बसून करू शकेन का? नाही जमणार.

आता नियम बरेच कडक झालेत. जून २००९ पासून देशातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंद सक्तीची झाली, ती कोणीही बघू शकतं. २०१९ च्या नियमांत नुकसानभरपाईची तरतूद आहे. पेशंटने विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतात. मला कुठल्या गटात टाकणार? मला नवं औषध नाही मिळालं तर काय मिळेल? मध्येच बाहेर पडता येईल का?

मामांचं म्हणाल तर त्यांचा आजार त्या विजेच्या उपचाराच्या पलीकडे गेलाय, असं त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साधी केमो सुरू झालीय. चार औषधांची. तिच्यामागेही एक चाचणीच आहे बरं का. फ्रान्समध्ये ३४२ पेशंटचे दोन गट केले होते, निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. जुन्या औषधावर निम्मे पेशंट ६.८ महिन्यांपुढे जगले, या चार औषधांवर ११.१ महिन्यांपुढे. मामांना हा हिशोब मी सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे कुणीतरी सहा महिन्यांच्या गटात होतं, म्हणून मला हे मिळतंय." बारावी शिकलेल्या माणसाने मला माझाच लेख एका वाक्यात सांगितला.

मग मी मामींकडे वळलो. वय ५४. म्हटलं, "मामी, तुमची कधी पिशवीच्या तोंडाची तपासणी झालीय का?" त्या लाजल्या, म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" पुण्यात येऊन आईला फोन केला, तर तिचंही तेच. निकाल लागून इतकी वर्षं झाली, तोही आपल्याच मराठवाड्यात, आणि आमच्या घरातली एकही बाई आजवर तपासलेली नाही! तपासणी न झालेला चौथा गट म्हणजे आमचंच घर निघालं की.

पुढच्या शनिवारी मी दोघींना घेऊन संभाजीनगरला जातोय. मामी अजून कुरकुरतायत, पण मामांनी दुकानाची किल्ली काढून घेतलीय, म्हणाले, "जा, मी बसतो गल्ल्यावर."

तुमच्या आईला विचारलंत का कधी? आजच विचारा.