रेलेव्हंट कोण ठरवतं?

तुमच्या पेपरमध्ये 'आमची सर्च पद्धत जुन्यापेक्षा सरस' असं वाक्य येणार असेल, तर परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला: निकाल रेलेव्हंट आहेत हे ठरवलं कोणी? हल्ली उत्तर येतं, 'एलएलएमने'. चालेल का? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

१९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन या ग्रंथपालांनी विमानशास्त्राचे १४०० लेख घेतले. प्रश्न खुद्द संशोधकांकडून मागवले. आधी विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रश्नासाठी अख्खा संग्रह चाळला (हो, हातानेच!), मग ज्याचा प्रश्न त्यानेच शेवटचा निवाडा दिला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या निस्टने ट्रेक सुरू केलं तेव्हा संग्रह लाखांत गेला होता. म्हणून पूलिंग आलं: प्रत्येक सिस्टिमचे वरचे शंभरेक निकाल एकत्र करायचे, माणसाने तेवढेच तपासायचे. आपल्याकडे 'फायर'ने मराठी, हिंदी, बंगालीसाठी साधारण याच वाटेने संग्रह बनवले.

पण दोन माणसांचं तरी एकमत होतं का? एलेन व्होऱ्हीस यांनी १९९८ मध्ये हेच तपासलं. दोघांपैकी किमान एकाला रेलेव्हंट वाटलेल्या मजकुरातला निम्म्याहून कमी दोघांनाही मान्य होता! तरीही परीक्षक बदलला म्हणून सिस्टिमचा क्रम फारसा हलला नाही. माझ्या मते या क्षेत्राचा सगळा डोलारा या एका निष्कर्षावर उभा आहे.

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवलं की मॉडेलची लेबलं माणसांइतकी अचूक असू शकतात, आणि स्वस्तही. मग लगेच म्हटलं जातं, क्रम टिकतोय ना, झालं तर! इथे जरा थांबा. व्होऱ्हीस यांच्या परीक्षकांचे मतभेद कुठल्याच सिस्टिमच्या बाजूचे नव्हते, म्हणून क्रम टिकला. तुमची सिस्टिम ज्या मॉडेलने निकालांची क्रमवारी लावते तेच मॉडेल परीक्षक असेल, तर दोघांची आवड एकच. म्हणजे विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासल्यासारखं. अशी चूक सरासरीत विरून जात नाही, तुमच्या पारड्यात पडते.

म्हणून परीक्षक वेगळ्या घराण्यातलं मॉडेल ठेवा. थोड्या प्रश्नांची लेबलं माणसांकडून करून घ्या, आणि तुलना करताना एकूण केंडॉल टाऊवर समाधान मानू नका. तळातल्या टुकार सिस्टिम कुणीही ओळखतं, त्यामुळे आकडा छान दिसतो. वरच्या पाचांचा क्रम वेगळा तपासा, तुमची पद्धत तिथेच कुठेतरी असणार.