आखाती युद्ध आजार

१९९०-९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या सैनिकांना जडलेला, पूर्ण उलगडा न झालेला दीर्घकालीन आजार. ‘गल्फ वॉर सिंड्रोम’ या नावानेही परिचित. विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा, सांधेदुखी, डोकेदुखी, विसरभोळेपणा, निद्रानाश, पोटाच्या तक्रारी, पुरळ ही लक्षणे एकाच माणसात एकवटतात आणि वर्षानुवर्षे पाठ सोडत नाहीत. नेहमीच्या तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. सुमारे ७ लाख अमेरिकी सैनिकांपैकी किमान चौथा हिस्सा या आजाराने ग्रासला. ब्रिटिश सैनिकांतही तो आढळला.

प्रारंभी बोट दाखवले गेले ते मानसिक ताणाकडे. पण जमिनीवरची लढाई अवघी १०० तासांची होती, आणि प्रत्यक्ष लढाई न पाहिलेलेही आजारी पडले. शरीराने दिलेली साक्ष मनाचे खेळ म्हणून बाजूला सारली गेली, हा या रुग्णांवरचा मोठा अन्याय होय. २००८ साली अमेरिकी सरकारच्याच संशोधन सल्लागार समितीने ताणाचे कारण अमान्य केले आणि दोन गोष्टींवर ठपका ठेवला: कीटकनाशके आणि पायरिडोस्टिग्मीन ब्रोमाइडच्या गोळ्या. या गोळ्या सोमान या विषारी वायूपासून बचाव म्हणून दिल्या जात.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवणारे ॲसिटिलकोलीन काम होताच एका विकराकडून मोडले जाते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके, या गोळ्या आणि सारीन वायू हे तिन्ही त्याच विकराला अडवतात. सारीनचा संबंध खामिसियाशी आहे. मार्च १९९१ मध्ये दक्षिण इराकमधील हे शस्त्रकोठार अमेरिकी सैनिकांनी उडवून दिले. आतल्या रॉकेटांत सारीन असल्याची त्यांना कल्पना नव्हती. पेंटागॉनने हे १९९६ मध्ये मान्य केले. पुढे सुमारे १ लाख सैनिक त्या वायूच्या टप्प्यात आले असावेत, असा अंदाज बांधला गेला. एकाच तुकडीतला एक आजारी पडतो, दुसरा धडधाकट राहतो, हे कसे? संशोधक रॉबर्ट हेली यांच्या २०२२ च्या अभ्यासाने याचा एक धागा ‘पॉन-१’ या जनुकात दाखवला. त्याचा दुबळा प्रकार असलेल्यांचे शरीर सारीन लवकर मोडू शकत नाही.

कुवेतच्या ६०० हून अधिक तेलविहिरींचा धूर, क्षीण युरेनियम आणि अँथ्रॅक्सची लस या इतर संशयित कारणांविषयीचे पुरावे तुलनेने कमकुवत आहेत.

आजार बरा करणारे औषध नाही, उपचार लक्षणांपुरते. निदान न झालेल्या आजारालाही भरपाई देणारा कायदा अमेरिकेने १९९४ मध्ये केला, तरी त्याखालचे बहुतेक दावे फेटाळले गेल्याचे २०१७ च्या सरकारी लेखापरीक्षणात दिसले.