सत्तावीस पत्ते आणि तोफखान्याचा लेफ्टनंट

पत्त्यांच्या जादूचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात हात चलाख लागतो: पत्ता तळव्यात लपवणं, खोटं पिसणं, तळातला पत्ता वरचा म्हणून वाटणं. त्याला वर्षानुवर्षांचा रियाज हवा. दुसऱ्यात हाताला काहीच लपवायचं नसतं. ठरलेल्या क्रमाने पत्ते वाटले, उचलले की उत्तर आपोआप येतं. काम गणित करत असतं. हातचलाखीवाले या दुसऱ्या प्रकाराला थोडं कमी लेखतात. फौजेत मात्र तोच उपयोगी. बर्फाने रस्ता बंद झालेल्या चौकीवर संध्याकाळी एक मळका कॅट असतो, आणि गारठलेल्या बोटांनी हातचलाखी होत नाही.

२१ पत्त्यांची जादू तुमच्यापैकी बहुतेकांनी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिली असेल. सात-सात पत्त्यांचे तीन ढीग, तुमचा पत्ता ज्या ढिगात तो मध्ये, असं तीनदा. अकरावा पत्ता तुमचा. या खेळाचा थोरला भाऊ म्हणजे २७ पत्त्यांचा खेळ. त्याचा माग काढत गेलं की आपण एका सैनिकापाशी पोहोचतो.

त्याचं नाव झोझेफ झेर्गोन. जन्म १७७१, फ्रान्समधलं नान्सी शहर. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो नॅशनल गार्डमध्ये दाखल झाला. २० सप्टेंबर १७९२ रोजी वाल्मीला प्रशियाच्या फौजेसमोर जे फ्रेंच उभे होते, त्यांत तोही होता. वाल्मीची लढाई आपल्या लोकांना ठाऊक असेल. दिवसभर तोफांचा मारा झाला, दोन्हीकडचे मिळून काहीशेच पडले, पण फ्रेंच रांग मोडली नाही आणि प्रशियन मागे फिरले. सेनापती केलरमानने तलवारीच्या टोकावर टोपी उंचावून राष्ट्राचा जयजयकार केला आणि सगळ्या रांगेने तो उचलला. त्या दिवशी तोफांइतकंच काम त्या टोपीनेही केलं, असं मला वाटतं.

१७९४ मध्ये झेर्गोन शालाँच्या तोफखाना शाळेत गेला, लेफ्टनंट झाला आणि स्पेनच्या आघाडीवर फिगेरासच्या वेढ्यात लढला. पुढच्याच वर्षी नीम शहरात गणित शिकवायची जागा मिळाली आणि त्याने वर्दी उतरवली. १८१० मध्ये त्याने केवळ गणिताला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. त्याच नियतकालिकात काही वर्षांतच त्याने पत्त्यांच्या ढिगांच्या या कोड्याचं सर्वसाधारण उत्तर मांडलं.

खेळ त्याच्या आधीचा. १६१२ मध्ये बाशे या फ्रेंच गणितज्ञाच्या मनोरंजक कोड्यांच्या पुस्तकात तो आहे. (याच बाशेने १६२१ मध्ये छापलेल्या डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात फर्माने आपली प्रसिद्ध टीप लिहिली.) झेर्गोनने दाखवलं ते असं, की ढीग दरवेळी मध्येच ठेवायचं बंधन नाही. कुठे ठेवायचा हे आपण ठरवलं, तर निवडलेला पत्ता हव्या त्या क्रमांकावर आणता येतो.

रीत सोपी आहे. समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा आणि १ ते २७ मधला एक आकडा सांगायचा. समजा त्याने २० सांगितला. त्यातून एक वजा करा, १९. आता १९ मध्ये नऊ किती? दोन. उरला एक, त्यात तीन किती? शून्य. बाकी एक. हे आकडे उलट्या क्रमाने घ्या: एक, शून्य, दोन. शून्य म्हणजे ढीग वर, एक म्हणजे मध्ये, दोन म्हणजे तळाला. पत्ते वरून एकेक करून, उताणे, तीन ढिगांत वाटा. तो ढीग दाखवेल. ढीग पालथे करून एकावर एक रचताना त्याचा ढीग पहिल्या फेरीत मध्ये, दुसऱ्या फेरीत वर, तिसऱ्या फेरीत तळाला ठेवा. विसावा पत्ता त्याचाच निघेल. २७ चे ९, ९ चे ३, ३ चा १. प्रत्येक फेरी शंका तिपटीने कमी करते.

पण नुसतं एवढंच केलं तर बघणाऱ्याला तो हिशेब वाटतो. एका चौकीवर मी हा खेळ करत होतो, तेव्हा एका हवालदाराने २० हाच आकडा सांगितला. "बीसही क्यों?" म्हणून विचारलं. म्हणाला, "साहब, बेटी बीस तारीख को हुई है।" मुलगी तीन महिन्यांची झाली होती, त्याने अजून पाहिली नव्हती. मग मी पत्ते मोजले नाहीत, कॅट त्याच्याच हातात दिला. तो एकेक पत्ता टाकू लागला आणि सगळा बंकर मोठ्याने मोजू लागला. विसाव्याला बदामाची सत्ती निघाली. त्या रात्री लंगरमध्ये चर्चा सत्तीची नव्हती, मुलीचं नाव काय ठेवायचं याची होती.

याच सादरीकरणाची दुसरी बाजूही आहे. तोच खेळ 'मला सिद्धी आहे' म्हणून केला की बुवाबाजी होते. १५८४ मध्ये इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटने चेटकिणी म्हणून लोकांना छळलं जात असताना एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात पत्त्यांच्या, नाण्यांच्या युक्त्या उघड करून सांगितल्या. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात, तेही याच वाटेने. शत्रूला फसवणं हा आपल्या व्यवसायाचा भाग आहे. पण ज्या जवानांनी उद्या माझ्या शब्दावर पाऊल टाकायचं, त्यांच्यापुढे मी अंतर्ज्ञानाचा आव आणत नाही. कुणी विचारलं तर रीत शिकवतो. कोड्याची मजा त्याने कमी होत नाही. सुट्टीवर जाताना जवान ती घरच्या पोरांसाठी घेऊन जातो.

झेर्गोनला ही नस ठाऊक असावी. १८३० च्या क्रांतीच्या दिवसांत तो माँपेलिये विद्यापीठात होता. बंडाच्या मूडमधले विद्यार्थी वर्गात शिट्ट्या वाजवू लागले, तेव्हा तो चिडला नाही. शिट्टीतून आवाज कसा निघतो यावरच त्याने व्याख्यान सुरू केलं आणि वर्ग पुन्हा त्याचा झाला, असं सांगतात.

तेव्हा कॅटमधून २७ पत्ते मोजून घ्या आणि घरी करून पाहा. हिशेब दोनदा केलात की जमेल. आकडा विचारलात की तोच का, हेही विचारा.