एका गोंगाटाचा फेरविचार

गावच्या उत्सवात लाऊडस्पीकर लावताना एक प्रकार आपण सर्वांनीच पाहिला आहे. बोलणारा माइक घेऊन कर्ण्यासमोर येतो आणि एकदम कानठळ्या बसविणारी शीळ निघते. 'अरे, बाजूला हो!' असा चहूकडून ओरडा होतो. माइकने घेतलेला आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो, माइक तोच पुन्हा उचलतो आणि हे चक्र फिरतच राहते. जी शीळ बंद करायला आपण धावतो, तिचीच कुणी तासाभराची ध्वनिमुद्रिका काढली तर?

१९७५ साली अमेरिकेत तसे घडले. लू रीड हा तेथील रॉक संगीताचा नामवंत गायक. आदल्याच वर्षी त्याची एक ध्वनिमुद्रिका खपात पहिल्या दहांत गेली होती. आता त्याने 'मेटल मशीन म्युझिक' काढली. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजू सुमारे सोळा मिनिटांची. गाणे नाही, ताल नाही. गिटारी ध्वनिवर्धकासमोर ठेवून उठविलेला नुसता कल्लोळ! चौथ्या बाजूची शेवटची खाच तर वर्तुळाकार ठेवलेली. हाताने सुई उचलीपर्यंत आवाज थांबतच नाही. लोक चिडले. पुष्कळ प्रती दुकानांत परत आल्या आणि थोड्याच आठवड्यांत कंपनीने तबकडी बाजारातून काढून घेतली.

माझ्या एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी ती मला मोबाइलवर ऐकविली. दोन मिनिटांतच मी हात वर केला. म्हटले, "बंद कर बाबा, यात ऐकण्यासारखं काही नाही." पोराने मुकाट्याने मोबाइल खिशात टाकला. पुढे तो तासाला येत राहिला, पण मला ऐकवायला पुन्हा काही आणले नाही. हे मनाला बोचत होते. साधन पुरते वाचल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, असे इतिहासाच्या तासाला मीच मुलांना सांगतो ना!

म्हणून साधने पाहू लागलो. रीडचा जुना साथीदार जॉन केल हा पूर्वी ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळीत होता. एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवायचा आणि त्याच्या पोटातून उमटणारे सूक्ष्म स्वर ऐकायचे, हा यंगचा ध्यास. रीडने आपल्या तबकडीच्या वेष्टनावर यंगचे नाव घातले आहे. हाच यंग १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. तेव्हा मला आपला तंबोरा आठवला. खर्जाची तार नीट लागली की न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पण तो दोन मिनिटांत, घाईने ऐकणाऱ्याला मिळत नाही.

आणखी एक पुरावा मिळाला. उलरिख क्रीगर याने हा कल्लोळ ऐकून स्वरलिपीत उतरविला आणि २००२ साली बर्लिनमध्ये 'त्साइटक्रात्सर' या वाद्यवृंदाने तो वाजविला. साथीला स्वतः रीड होता. ज्यात काहीच नाही, ते लिहून काढणार कसे?

मग एका रात्री मी चारही बाजू ऐकल्या. पहिली जड गेली. पुढे डाव्या कानातला आवाज निराळा, उजव्या कानातला निराळा, हे कळू लागले. त्या घोंगावण्यावर बारीक, उंच स्वर चमकून विझत होते.

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी भेटायला आला. मी सगळे सांगितले. तो हसून म्हणाला, "मग आवडली का, सर?"

"आवडली नाही रे अजून. पण 'काही नाही' म्हणालो होतो, ते माझं चुकलं."

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रत्येक गोंगाटात संगीत असते असे माझे म्हणणे नाही. नावड सांगण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण मूल काही घेऊन आले, तर निकाल देण्यापूर्वी ते शेवटपर्यंत ऐकावे. आपला निकाल फक्त तबकडीवर पडत नाही, ती आणणाऱ्यावरही पडतो.