विषाणूची वंशावळ

१९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवरील कांहीं पोलीस शिपाई तापानें आजारी पडले. थोड्याच दिवसांत तो ताप गोदींतून कचेऱ्यांत, गिरण्यांत व चाळींत शिरला आणि पावसाळा ऐन भरांत येतां येतां ओसरूंही लागला. लोकांना वाटलें, अरिष्ट टळलें. पण सप्टेंबरांत तो परत आला तो निराळेंच रूप घेऊन. पूर्वीं ज्यानें चार दिवस अंथरुणास खिळविलें, त्यानेंच आतां धडधाकट तरुण माणसें पाहतां पाहतां नेलीं. त्या साथीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. जूनचा ताप आणि सप्टेंबरचा ताप हे एकच कीं दोन? आणि एकच असेल, तर मधल्या काळांत त्यांत काय पालटलें? हा प्रश्न त्या वेळच्या डॉक्टरांना सुचला नसेल असें नाहीं. पण तो सोडविण्याचें साधनच त्यांच्यापाशीं नव्हतें. इन्फ्लुएंझाचा विषाणु रोग्यापासून वेगळा काढतां आला तो १९३३ सालीं. आणि १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून झाली ती २००५ सालीं, तीही जपून ठेवलेल्या शवनमुन्यांवरून आणि अलास्कांतील गोठलेल्या भूमींत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसावरून! सत्त्याऐंशी वर्षांनीं मिळालेलें उत्तर रोग्याच्या काय कामाचें?

त्यानंतर शंभर वर्षांनीं आलेल्या दुसऱ्या महासाथींत हेंच उत्तर आठवड्यांच्या मापानें मिळूं लागलें. तें कसें, आणि मिळालेल्या उत्तराचें आपण काय केलें, हें आज सांगावयाचें आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार झाली, तिची पद्धति आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. १९१९ मध्यें आरंभलेलें तें कार्य १९६६ मध्यें पुरें झालें. पंडितांनीं काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या जमविल्या आणि त्या ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या. प्रत उतरतांना लेखकाच्या हातून चुका होतातच. आणि दोन पोथ्यांत तीच चूक त्याच जागीं आढळली, तर त्या दोन्ही एकाच पूर्वज पोथीवरून उतरल्या असें धरावयाचें. चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावण्याची ही विद्या आहे.

विषाणु म्हणजे अशीच एक पोथी. चार अक्षरांच्या लिपींत ती लिहिलेली असते, आणि शरीरांतील पेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढून घेणें एवढाच तिचा उद्योग. वुहान येथें प्रथम वाचलेल्या करोना विषाणूच्या संहितेंत २९,९०३ अक्षरें होतीं. एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जातां जातां या पोथींत महिन्याकाठीं सुमारें दोन अक्षरें पालटतात. बहुतेक बदल निरर्थक, कित्येक विषाणूलाच घातक. पण पोथींत आणि विषाणूंत एक भेद आहे. लेखकाची चूक पोथीला कधीं उपकारक होत नाहीं. विषाणूला मात्र लाखांत एखादी चूक लाभते; मग ती चूक असलेली प्रत इतर साऱ्या प्रतींना मागें सारते.

ही अक्षरें वाचण्याची विद्या फार जुनी नाहीं. १९७६ मध्यें बेल्जममधील वॉल्टर फीर्स यांनीं ३,५६९ अक्षरांचा एक विषाणु साद्यंत वाचला. पुढल्याच वर्षीं इंग्लंडांत फ्रेडरिक सँगर यांनीं ५,३८६ अक्षरांचा दुसरा. त्या काळीं एक विषाणु वाचणें हें वर्षानुवर्षांचें काम होतें. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची साथ उसळली, तेव्हां सिएरा लिओनमधील ७८ रोग्यांच्या रक्तांतून ९९ संहिता थोड्या आठवड्यांत वाचण्यांत आल्या. तो निबंध छापून येण्यापूर्वीं त्याच्या लेखकांपैकीं पांच जण त्याच रोगाला बळी पडले होते. विद्येच्या इतिहासांत अशीं पानें थोडीं. पुढच्याच वर्षीं गिनी देशांत तर प्रवासी पेटींतून नेतां येईल असें वाचनयंत्र साथीच्या ठिकाणींच मांडलें गेलें.

त्यामुळें २०२० साल उजाडलें तेव्हां शास्त्रज्ञांचा हात बसलेला होता. ११ जानेवारीस चिनी संशोधक झांग योंगझेन यांच्या चमूनें वाचलेली संहिता साऱ्या जगासाठीं खुली झाली. लशींचे आराखडे तिच्यावरूनच आंखले गेले. ३० जानेवारीस केरळांत भारतांतील पहिला रोगी आढळला. केरळच्या पहिल्या रोग्यांपैकीं दोघांचे विषाणु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें, १९५२ मध्यें रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें जी स्थापन झाली तिनें, साद्यंत वाचले. चिकित्सक आवृत्तीच्या गांवीं ही दुसरी पाठचिकित्सा सुरू झाली, हा योगायोग मला तरी मोठा रम्य वाटतो.

या विद्येची पहिली मोठी कसोटी इंग्लंडांत लागली. तेथें वापरली जाणारी एक तपासणी विषाणूला तीन जागीं चांचपून पाहात असे. २०२० च्या अखेरीस पुष्कळ नमुन्यांत त्यांतील एक जागा मुकी राहूं लागली. संहिता वाचतां कळलें कीं त्या जागचीं सहा अक्षरेंच गळालीं आहेत, आणि अशी ही प्रत केंट परगण्यांत सप्टेंबरपासून फिरत आहे. ती इतरांहून वेगानें पसरते हें डिसेंबरांत सिद्ध झालें. पुढें तिला आल्फा हें नांव मिळालें.

त्याच डिसेंबरांत भारत सरकारनें दहा प्रयोगशाळांचा एक संघ उभारला. त्यास इन्साकॉग म्हणतात. शंभर बाधित नमुन्यांपैकीं पांच वाचावे असा संकल्प होता. तो त्या वेळीं तडीस गेला नाहीं. प्रत्यक्षांत वाचन त्याहून फारच कमी झालें. आणि नेमक्या याच काळांत विदर्भांत, अमरावतीच्या बाजूस, रोगी झपाट्यानें वाढूं लागले होते. फेब्रुवारी २०२१ मध्यें तेथें पुन्हां टाळेबंदी करावी लागली. नोव्हेंबर ते मार्च या अवधींतील महाराष्ट्राचे नमुने पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं वाचले, तेव्हां विषाणूच्या पृष्ठावरील कांट्याच्या प्रथिनांत ४५२, ४८४ आणि ६८१ या जागांचे बदल वारंवार आढळले. ही बी.१.६१७ नांवाची शाखा.

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें जें पत्रक काढलें तें इतिहासाच्या अभ्यासकानें नीट वाचावें. देशभर १०,७८७ नमुने तपासले. त्यांत चिंताजनक ठरलेले परदेशी उपप्रकार ७७१. आणि महाराष्ट्राच्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ४५२ व ४८४ हे दोन बदल. डिसेंबरच्या मानानें हें प्रमाण वाढलें आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. पण त्याच पत्रकांत असेंही होतें कीं कांहीं राज्यांतील वाढीशीं याचा संबंध जोडण्याइतकी संख्या हातीं नाहीं. शास्त्रीय सावधगिरी म्हणून हें वाक्य निर्दोष आहे. परंतु संख्या अपुरी कां राहिली? वाचनच थोडें झालें म्हणून. शिवाय नुसतीं अक्षरें वाचून विषाणूचा स्वभाव कळत नाहीं. कोणत्या रोग्यांत कोणती प्रत, तो किती आजारी पडला, त्यानें लस घेतली होती कीं नाहीं, ही नोंद शेजारीं ठेवावी लागते. एप्रिल संपतां संपतां देशांत दिवसाला चार लाखांवर रोगी मोजले जात होते, आणि प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं लोक शहरभर धांवत होते.

वर्तमानपत्रांनीं या शाखेला ‘दुहेरी उत्परिवर्तित’ म्हटलें. तें नांव चुकीचें होतें, कारण तिच्यांत बदल दोनाहून किती तरी अधिक होते. त्याहून गंमत अशी कीं या शाखेच्या ज्या फांदीनें पुढें जग व्यापलें, तिच्यांत त्या जोडींतील ४८४ चा बदल नव्हताच. मे महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें उपप्रकारांना ग्रीक अक्षरें दिलीं. ‘भारतीय विषाणु’ हा शब्द मागें पडावा हा त्यांत एक हेतु होता. या फांदीस डेल्टा हें नांव मिळालें.

देशाच्या नांवाचा डाग वाचवितां आला, पण सत्य सांगण्याची शिक्षा चुकवितां आली नाहीं. २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनीं एक नवी प्रत जगासमोर ठेवली. तिच्या कांट्यांत तिसांहून अधिक बदल होते. दोन दिवसांत तिचें ओमायक्रॉन असें नामकरण झालें, आणि त्याच सुमारास ब्रिटन, युरोपांतील देश व अमेरिका यांनीं आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील देशांस आपलीं दारें बंद केलीं. ३० नोव्हेंबरला नेदरलंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेनें जाहीर केलें कीं तीच प्रत त्यांच्या देशांत १९ व २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांत सांपडली आहे. म्हणजे आफ्रिकेनें तोंड उघडण्यापूर्वींच पाहुणा युरोपांत उतरला होता. ब्रिटननें आपली बंदी १५ डिसेंबरला उठविली. अमेरिकेनें वर्षाच्या शेवटच्या दिवशीं.