पत्त्यांच्या पटावरील बुद्धियुद्ध : 'मॅजिक: द गॅदरिंग'च्या स्पर्धा आणि डेकरचनेचे शास्त्र

पत्त्यांचा खेळ म्हटला की बावन्न पानांचा कॅट डोळ्यांसमोर येतो. रमी असो वा झब्बू, पाने सर्वांना सारखीच उपलब्ध असतात. कोणाच्या हाती काय येते, एवढाच प्रश्न असतो. 'ट्रेडिंग कार्ड गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांनी नेमका हाच पाया बदलला. या खेळांत प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट स्वतःच रचून आणतो. हजारो निरनिराळ्या पानांमधून निवडलेल्या या कॅटला 'डेक' म्हणतात. त्यामुळे खेळाचा निम्मा भाग पाने वाटण्यापूर्वीच, घरी बसून खेळला जातो. या प्रकारातील आद्य खेळ म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग' होय. जपानमध्ये १९९६ साली आलेला पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ आणि त्यानंतरचा 'यू-गी-ओ' हे त्याच परंपरेतील होत.

उगम

अमेरिकेतील गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड हे या खेळाचे जनक. गणनशास्त्र म्हणजेच 'कॉम्बिनेटोरिक्स' हा त्यांच्या संशोधनाचा विषय असून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९३ साली त्यांना डॉक्टरेट प्रदान केली. 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीचे प्रमुख पीटर ॲडकिसन यांच्याकडे ते आधी एका वेगळ्या पटखेळाची कल्पना घेऊन गेले होते. तो पट छापणे त्या लहान कंपनीला परवडणारे नव्हते. मेळाव्यांतील फावल्या वेळात चटकन खेळता येईल असा, सुटसुटीत साहित्याचा खेळ ॲडकिसन यांना हवा होता. त्यातून 'मॅजिक' जन्माला आला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आला. १९९९ साली हॅस्ब्रो या खेळणी उद्योगातील बड्या कंपनीने 'विझार्ड्स' विकत घेतली.

दोन जादूगारांमधील द्वंद्व अशी या खेळाची कल्पना आहे. प्रत्येकाकडे २० जीवनगुण असतात आणि सुरुवातीला हाती सात पाने येतात. काही पाने 'लँड' म्हणजे भूमीची असतात. भूमीपासून 'माना' नावाची शक्ती मिळते आणि ती खर्च करून प्राणी वा मंत्र यांची पाने खेळता येतात. प्रत्येक पाळीत भूमीचे एकच पान मांडता येते. शक्तीचे पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा असे पाच रंग असून प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा आहे. लाल रंग थेट घाव घालतो, निळा प्रतिस्पर्ध्याचे मंत्र रोखतो, तर हिरवा बलाढ्य प्राणी उभे करतो. प्रतिस्पर्ध्याचे जीवनगुण शून्यावर आणणे हे मुख्य ध्येय होय.

नियमांची घडण

आरंभीच्या नियमांत एका पानाच्या किती प्रती वापराव्यात यावर बंधन नव्हते. ज्याच्याकडे पैसा अधिक, त्याने प्रभावी पाने वाटेल तितकी जमवावीत, असा प्रकार होऊ लागला. सुरुवातीला दोन्ही खेळाडूंनी एकेक पान पणाला लावावे आणि जिंकणाऱ्याने ते कायमचे न्यावे, अशीही तरतूद होती. ती जुगाराच्या जवळ जाणारी असल्याने स्पर्धांतून हद्दपार झाली. १९९४ साली स्पर्धांसाठी स्वतंत्र नियमावली आली. डेकमध्ये किमान ६० पाने असावीत, मूलभूत भूमी वगळता कोणत्याही पानाच्या चारपेक्षा अधिक प्रती नसाव्यात आणि अतिप्रभावी पानांवर बंदी वा मर्यादा असावी, ही तिची तीन मुख्य सूत्रे होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिलवॉकी येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व अमेरिकेचे झॅक डोलन विजेते ठरले. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे 'प्रो टूर' या व्यावसायिक स्पर्धामालिकेचा प्रारंभ झाला. या मालिकेत जर्मनीचे काय बुडे यांनी सात विजेतेपदे मिळवली. अमेरिकेचे जॉन फिंकेल हे त्यांच्या बरोबरीने घेतले जाणारे नाव. २००० सालचे जागतिक अजिंक्यपद त्यांच्याकडे गेले.

डेकमागचे गणित

डेकमध्ये ६० पेक्षा अधिक पाने ठेवण्यास मनाई नसली तरी अनुभवी खेळाडू बहुधा ६० वरच थांबतात. एखाद्या पानाच्या चार प्रती ६० पानांच्या डेकमध्ये असतील, तर पहिल्या सात पानांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. तीच डेक ८० पानांची केली, तर ही शक्यता ३१ टक्क्यांवर उतरते. आवडीचे प्रत्येक जादा पान अधिक चांगल्या पानाची वाट अडवते.

भूमीच्या पानांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ६० पानांत २४ भूमी ठेवल्यास पहिल्या हातात सरासरी २.८ भूमी येतात. तरीही भूमी अजिबात न येण्याची किंवा एकच येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के राहते. म्हणजे दर सात डावांमागे एका डावात खेळाडू अडखळतच सुरुवात करणार. भूमी वाढवाव्यात तर पुढे मंत्रांची चणचण भासते. हात अगदीच निरुपयोगी असेल तर तो परत करून नवा घेता येतो. २०१९ पासूनच्या नियमानुसार पुन्हा सात पाने घेऊन, जितक्या वेळा हात बदलला तितकी पाने निवडून डेकच्या तळाशी ठेवावी लागतात. वाईट हात राखून ठेवण्याचा मोह आणि एक पान गमावण्याची भीती यांतून मार्ग काढणे हा स्पर्धेतील पहिलाच निर्णय असतो, आणि अनेक डावांचा निकाल येथेच लागतो.

दुसरे तत्त्व 'माना कर्व्ह'चे, म्हणजे पानांच्या किमतीच्या चढत्या क्रमाचे. पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन, तिसऱ्या पाळीत तीन अशी शक्ती उपलब्ध होत जाते. प्रत्येक पाळीतील शक्ती पूर्णपणे वापरता येईल अशा रीतीने पानांची निवड करावी, असे हे तत्त्व सांगते. १९९६ साली अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय यांनी जे श्नायडर यांच्या संकल्पनेवर आधारलेली एक लाल डेक खेळली. तिच्यातील अनेक पाने इतरांनी कुचकामी ठरवलेली होती. पण ती स्वस्त होती आणि वेळेवर खेळता येत होती. या डेकच्या यशाने क्रमाचे महत्त्व सिद्ध केले आणि तिला 'स्लाय' हेच नाव पडले.

तिसरे तत्त्व 'पानांच्या आघाडी'चे. एका पानाच्या मोबदल्यात प्रतिस्पर्ध्याची दोन पाने निकामी झाली, तर पुढे त्याच्याकडे खेळण्यास काही उरत नाही. ब्रायन वाइसमन यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यास हा विचार आपल्या बचावप्रधान डेकमधून प्रत्यक्षात आणला.

डेकचे प्रमुख प्रकार

डेकचे ढोबळमानाने चार प्रकार मानले जातात. 'आक्रमक' डेक स्वस्त पानांच्या बळावर प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच डाव संपवू पाहतो. 'नियंत्रक' डेक प्रत्येक धोका निष्प्रभ करीत डाव लांबवतो व शेवटी मोजक्या प्रभावी पानांनी जिंकतो. 'संयोगी' डेक दोन-तीन विशिष्ट पाने एकत्र येण्याची वाट पाहतो. ती आली की एका पाळीत निकाल लागतो. 'मध्यममार्गी' डेक परिस्थितीनुसार आक्रमण वा बचाव करतो.

यांपैकी कोणताही प्रकार सर्वश्रेष्ठ नाही. एक दुसऱ्याला भारी पडतो आणि तिसऱ्यापुढे हरतो. म्हणून स्पर्धेत कोणत्या प्रकारचे डेक अधिक येतील याचा अंदाज बांधणे महत्त्वाचे ठरते. याला खेळाडू 'मेटागेम' म्हणतात. गेल्या आठवड्यात आक्रमक डेक जिंकला असेल तर या आठवड्यात अनेक जण तोच आणतील, म्हणून त्याला रोखणारा डेक आणावा. परंतु इतरांनीही हाच विचार केला असेल तर काय, अशी ही तर्काची साखळी आहे.

१९९९ साली माईक फ्लोरेस यांनी लिहिलेला एक लेख आजही डावपेचांचा पाया मानला जातो. दोन डेक समोरासमोर आले की त्यांपैकी एकाने आक्रमकाची आणि दुसऱ्याने बचावकाची भूमिका घेणे क्रमप्राप्त असते. आपली भूमिका ओळखण्यात जो चुकतो तो हरतो, असा त्याचा आशय आहे. दोन्ही डेक आक्रमक असले तरी त्यांतील संथ डेकने बचाव पत्करणेच हिताचे असते.

स्पर्धेची पद्धत

मोठ्या स्पर्धा बुद्धिबळातील 'स्विस' पद्धतीने होतात. हरलेला खेळाडू बाद होत नाही. पुढील फेरीत त्याची गाठ साधारण तितकेच गुण असलेल्या खेळाडूशी पडते. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण मिळतो. बरोबरी न होता १२८ खेळाडूंच्या सात फेऱ्या झाल्या, तर शेवटी एकच अपराजित उरतो. त्यानंतर बहुधा पहिल्या आठ जणांत बाद पद्धतीने सामने होतात. प्रत्येक सामना सहसा तीन डावांचा असतो. पहिल्या डावानंतर १५ राखीव पानांच्या संचातून डेकमध्ये फेरबदल करता येतात. प्रतिस्पर्ध्याचा प्रकार ओळखून योग्य पाने आत घेणे व निरुपयोगी पाने बाहेर काढणे ही स्वतंत्र विद्याच आहे.

याखेरीज 'ड्राफ्ट' हा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात खेळाडू गोलाकार बसून बंद पाकिटे फोडतात, एक पान ठेवतात व उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतात. अशा तीन पाकिटांतून ४० पानांचा डेक तयार होतो. येथे घरून आणलेला महागडा संग्रह उपयोगी पडत नाही.

स्पर्धांत शिस्त कडक असते. डेकची यादी आधी सादर करावी लागते. पाने नीट पिसून प्रतिस्पर्ध्यापुढे पिसण्यासाठी वा काटण्यासाठी ठेवावी लागतात. दोघांच्या संमतीने सामना बरोबरीत सोडवता येतो. मात्र त्यासाठी पैशाचे वा बक्षिसातील वाट्याचे आमिष दाखवल्यास लाचखोरी समजून खेळाडूला स्पर्धेतून बाद केले जाते.

बंदी आणि समतोल

नवी पाने सतत प्रसिद्ध होत असल्याने समतोल बिघडण्याचा धोका कायम असतो. १९९८ च्या अखेरीस आलेल्या 'उर्झाज सागा' या संचामुळे संयोगी डेक इतके वेगवान झाले की अनेक डाव पहिल्या काही पाळ्यांतच संपू लागले. १९९९ साली 'मेमरी जार' हे पान तर बाजारात येताच तातडीने बंदिस्त करावे लागले. मार्च २००५ मध्ये 'अफिनिटी' नावाच्या डेकला आवर घालण्यासाठी 'स्टँडर्ड' या प्रकारातून एकाच वेळी आठ पाने हटवण्यात आली. बंदीने खेळ सावरतो, पण तेच पान विकत घेऊन महिनोन्महिने सराव केलेल्या खेळाडूचे नुकसान होते. हा ताण आजही मिटलेला नाही.

किंमत आणि उपजीविका

दुर्मीळ पानांचे भाव हा या खेळापुढील सर्वांत कठीण प्रश्न आहे. १९९३ च्या पहिल्या आवृत्तीतील 'ब्लॅक लोटस' या पानाची एक प्रत जानेवारी २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरला विकली गेली. संग्राहकांचा विश्वास टिकावा म्हणून कंपनीने १९९६ साली काही जुनी पाने पुन्हा न छापण्याची हमी दिली. त्यामुळे ज्या प्रकारांत ही पाने चालतात, तेथे नवख्याला प्रवेश महाग झाला. यावर उपाय म्हणून केवळ अलीकडच्या संचांपुरते मर्यादित असे स्पर्धाप्रकार रूढ झाले. तेथे प्रवेश तुलनेने सुलभ असला तरी जुने संच ठरावीक काळाने बाद होतात व खर्च पुन्हा करावा लागतो.

व्यावसायिक खेळाडूंचे जीवनही अस्थिरच राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने ३२ निवडक खेळाडूंसाठी प्रत्येकी ७५ हजार डॉलरच्या करारांची घोषणा केली. फेब्रुवारी २०२० मध्ये होनोलुलू येथे ब्राझीलचे पाउलो व्हितोर दामो दा रोसा यांनी जागतिक अजिंक्यपदासह ३ लाख डॉलरचे बक्षीस जिंकले. त्यानंतर कोविडच्या साथीने प्रत्यक्ष स्पर्धा थांबल्या आणि २०२१ मध्ये ही करारपद्धतीही गुंडाळण्याचा निर्णय झाला. ज्यांनी नोकरी सोडून या खेळावर भिस्त ठेवली होती, त्यांना नव्याने विचार करावा लागला. २०२३ साली 'प्रो टूर' पुन्हा सुरू झाली, परंतु ठरावीक वेतनाची हमी मागे राहिली.

नशीब की कौशल्य

पाने पिसली जातात तेथे दैवाचा भाग असणारच. भारतात हा वाद नवा नाही. रमीमध्ये पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे हे ठरवावे लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरतो, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातील एका निकालात नोंदवले होते. तोच निकष येथे लावला तर कौशल्याचे पारडे अधिकच जड होते, कारण कॅटमध्ये कोणती पाने असावीत हेदेखील खेळाडूच ठरवतो. उत्तम खेळाडूही एखाद्या नवख्याकडून एक डाव हरू शकतो. मात्र अनेक फेऱ्यांच्या आणि अनेक वर्षांच्या स्पर्धांत तीच ती नावे वरच्या क्रमांकावर दिसतात, ती केवळ नशिबाने नव्हे. नशिबाचा वाटा मान्य करून उरलेल्या प्रत्येक निर्णयाची जबाबदारी स्वीकारणे, हेच या खेळातील प्रावीण्याचे खरे लक्षण मानले जाते.